सहा महिन्यांची सही

आमच्या घरमालकांच्या तोंडून मी 'नाही' हा शब्द कधी ऐकला नाही. ते 'सहा महिन्यांनी' म्हणत. नुसतं म्हणत नसत, लिहून देत. माझ्याकडे त्यांचे आठ कागद आहेत. सहा आमच्या भिंतीच्या ओलीचे, एक न्हाणीघराच्या न लागणाऱ्या खिडकीचा, आणि एक शेवटचा, ज्यावर सही नाही.

ओलीच्या कागदावर असं असायचं: 'खालच्या मजल्यावरील पश्चिमेकडील भिंत दुरुस्त करण्याचे या घराचे धोरण कायम आहे. तथापि घराच्या व्यापक हिताच्या दृष्टीने हे काम आजपासून सहा महिने स्थगित करणे आवश्यक असल्याचे मी प्रमाणित करतो.' खाली हिरव्या शाईत सही. मुंबईच्या गोदीत त्यांनी बत्तीस वर्षं कारकुनी केली. तिथे हिरवी शाई फक्त साहेबाने वापरायची. न्यूझीलंडला उतरल्यावर त्यांनी पहिली खरेदी हिरव्या पेनाची केली, असं त्यांची बायको सांगायची.

मी म्हटलं, "मालक, मला कागद नको. रंगारी पाठवा."

"धोरण तुमच्या बाजूचं आहे, वहिनी," ते म्हणाले. "भिंतीला बुरशी आली तरी धोरणाला येत नाही."

घर माउंट रॉस्किल या उपनगरात होतं, लाकडी, चढावर बांधलेलं. वर ते नवरा-बायको, खाली मुलगा, सून, नात आणि मी. नातीला सांभाळायला मुलाने मला आणलं होतं. मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं चालायचं. घर बघायला गेलो तेव्हा आणखी चार-पाच कुटुंबं अर्ज घेऊन उभी होती. मालकांनी कोणाचा अर्ज वाचला नाही. मला विचारलं, "गाव कुठलं?" मी म्हटलं, रोह्याच्या अलीकडे. म्हणाले, "आम्ही रेवदंड्याचे. घर तुमचं."

ते मराठी ज्यू. आमच्याकडे त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण पूर्वी हे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. मुलगी नोकरीसाठी इथे आली म्हणून हे दोघं आले. मुलगी पुढे ऑस्ट्रेलियाला गेली, हे राहिले.

या माणसाला बसता येत नसे. जेवायचे उभ्याने, ताट ओट्यावर ठेवून. चहा डेकवर फेऱ्या मारत प्यायचे, मोज्यांवर जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून. हा डेक, म्हणजे लाकडी सज्जा, आमच्या खोलीच्या डोक्यावर होता. नऊ फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यातली चौथी करकरायची. टपाल दिवसातून एकदा यायचं, हे लेटरबॉक्स तीनदा बघायचे. बायको म्हणायची, "अहो, टेका जरा." ते म्हणायचे, "टेकतो." आणि फिरत राहायचे.

कागदांची सवय त्यांनी अमेरिकेकडून घेतली होती. माझी शाळा चौथीपर्यंत. मला ते प्रकरण नीट समजेना, म्हणून एकदा मी त्यांना डेकवर गाठून विचारलं. त्यांनी फिरता फिरता सांगितलं.

"अमेरिकेची इस्रायलमधली वकिलात तेल अवीव शहरात आहे. अमेरिकेच्या संसदेने कायदा केला की ती उचलून जेरुसलेमला न्या. तारीखही घातली."

जेरुसलेमवरून तिकडे दोन लोकांत भांडण आहे एवढं मला बातम्यांवरून ठाऊक होतं. मी विचारलं, "मग नेली?"

"नाही नेली. त्याच कायद्यात एक कलम आहे. आत्ता हलवणं देशाच्या सुरक्षेला बरं नाही असं राष्ट्राध्यक्षाला वाटलं, तर त्याने तसं लिहून सही करायची. सहा महिने सूट."

"आणि सहा महिन्यांनी?"

"परत सही."

"असं किती वर्षं?"

"तारीख उलटली तेव्हापासून. जून आणि डिसेंबर. निवडणुकीआधी हलवतो म्हणतात, खुर्चीवर बसले की सही करतात. माणूस बदलला, पक्ष बदलला, सही चुकली नाही."

"मग कायदा ठेवलाय कशाला? काढून टाकावा."

तेव्हा ते थांबले. चौथ्या फळीवरच थांबले. "तसं कसं, वहिनी. काढला तर नाही म्हटल्यासारखं होईल."

मला हसू आलं होतं. नंतर त्यांच्या घरातला कायदा कळला तेव्हा आलं नाही.

त्यांच्या बायकोची थोरली बहीण इस्रायलमध्ये अश्दोद गावी राहायची. आई लहानपणी गेली, त्या बहिणीनेच हिला वाढवलं. लग्न झाल्यापासून हिचं एकच म्हणणं, आपण तिकडे जाऊ, बहिणीच्या जवळ राहू. अमेरिकेने वकिलातीचा कायदा केला तेव्हा मालकांनी घरात जाहीर केलं, अमेरिका हलली की आपणही हलू. अमेरिका गेली म्हणजे तिथलं सगळं ठरलं, मग भीती नाही. आणि कागद केला: 'हे कुटुंब अश्दोद येथे कायमचे स्थलांतर करील.' खाली तेच सहा महिने सूट देणारं कलम. बायकोला वाटलं, तीन-चार वर्षांचा प्रश्न आहे. ती हो म्हणाली. तीन-चार वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने सही केली, आणि इकडे यांनी केली.

तेव्हापासून जून आणि डिसेंबरच्या मध्यावर त्यांच्या टेबलाशी बैठक व्हायची. मालक उभ्याने कागद वाचायचे. बायकोने सही करायची, आणि घराबाहेरच्या एका साक्षीदाराने. आम्ही राहायला गेल्यावर साक्षीदार मी झाले.

मी वाचल्याशिवाय सही करत नाही. माझ्या नवऱ्याने न वाचता केलेल्या एका सहीपायी आमची आंब्याची चार झाडं चुलतदिरांकडे गेली. मला वाचायला वेळ लागतो. मालक मागे फेऱ्या मारायचे. मालकीणबाई बसून असायच्या. जाड अंगाच्या, गुडघ्यांनी अधू, पण चेहरा हसरा. "आणा, कुठे करू?" एवढंच विचारायच्या.

एकदा आम्ही दोघी लिंबं तोडत होतो तेव्हा म्हणाल्या, "ताई, हे नाही म्हणाले असते तर भांडले असते. हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडू कशी?"

"भेटून तरी या," मी म्हटलं.

"विचारलं. म्हणाले, कायमचं जायचंच आहे तर दोनदा कशाला?"

दर रविवारी बहिणीचा फोन यायचा. बाईंना कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा आवाज मोठा, खालीसुद्धा कळायचं. "कधी येतेस गो?" "येते. जूनमध्ये बघू." पुढच्या खेपेला डिसेंबर. मग एका वर्षी बहिणीची उजवी बाजू गेली. शब्द जड झाले. ती एवढंच म्हणायची, "ये." त्यानंतर बाईंनी महिन्याचं नाव घेणं सोडून दिलं. फोन ठेवल्यावर त्या वर कितीतरी वेळ एका जागी असायच्या आणि डेकवर मालकांच्या फेऱ्या चालू असायच्या.

माझा मुलगा सरळ आहे, पण त्याला त्याचं घर कळतं. तो मला म्हणाला, "आई, त्यांच्या भानगडीत पडू नकोस. ते गेले तर हे घर विकतील. शाळा समोर आहे, माझी बस दारात आहे. आपल्याला परत असं मिळणार नाही."

मी म्हटलं, "भिंत ओली आहे."

"असू दे ओली."

त्या वर्षीचा डिसेंबर मला आठवतो. मालकांचा नियम होता की आधी राष्ट्राध्यक्षाची सही, मग आपली. ते कधी आधी करायचे नाहीत. महिना सुरू झाला की रोज सकाळी ते खाली यायचे आणि कामावर निघालेल्या माझ्या मुलाला विचारायचे, "आली का बातमी?" मुलगा कॉम्प्युटरवर बघून नाही म्हणायचा. एरवी दोन-चार दिवस हातात ठेवून बातमी यायची. त्या वर्षी येईना. तिकडे सही उशिरा झाली की बातमी उशिरा लागली, मला ठाऊक नाही. मालक फिरत राहिले. आठवड्यात तीनदा लॉन कापलं. कापायला काही उरलं नव्हतं, यंत्र नुसतं मातीवर फिरत होतं. शेजारच्या सामोअन माणसाने कुंपणावरून विचारलं, "ऑल गुड, अंकल?"

"वेटिंग फॉर वॉशिंग्टन," मालक म्हणाले.

"स्वीट ऍज," तो म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत झकास, आणि आत गेला.

मलाही बसवेना. डाळ निवडायला घेतली की वर चौथी फळी करकरायची, आणि माझा हात थांबायचा.

मग एका सकाळी मुलाने सांगितलं, झाली सही. मालक जिने चढत गेले ते तरण्या माणसासारखे. पाच मिनिटांत मला बोलावणं आलं. टेबलावर नवा कागद, त्याखाली जोडायला मागचा. मी आधी मागचा वाचला. त्यावर मुदतीची शेवटची तारीख घातलेली होती. मी त्यांच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. परत कागद वाचला.

न्यूझीलंडमध्ये दिवस सगळ्या जगाआधी उगवतो. मी गावी बहिणीला फोन लावते तेव्हा इकडे सकाळ असली तर तिकडे ती झोपेत असते, आणि शिव्या घालते. त्यामुळे हा हिशेब मला शाळेविना येतो.

मी म्हटलं, "मालक, हा कागद काल संपला."

"संपेल कसा? सही आत्ता झालीय."

"तिकडे झाली. कागदावर कालची तारीख आहे."

ते कॅलेंडरपाशी गेले, परत आले. "वॉशिंग्टनमध्ये अजून कालचाच दिवस चालू आहे, वहिनी. मुदतीत आहे."

मला तेव्हाच कळलं होतं की मी माझ्या मुलाच्या घराबद्दल बोलतेय. पण वाचलं ते वाचलं. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी चष्मा लावला, कागद ओढून घेतला, तारखेवर बोट ठेवलं.

"हे घर वॉशिंग्टनात नाही," त्या म्हणाल्या. "माउंट रॉस्किलला आहे. इथे काल संपला."

"तांत्रिक बाब आहे ही."

"पहिल्यापासून सगळं तांत्रिकच आहे. सूट संपली की कायदा लागू. तुम्हीच लिहिलंय. म्हणून दाखवू?" आणि त्यांनी तो कागद पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवला, न बघता. इतकी वर्षं ऐकून पाठ झाला होता. मग पेन त्यांच्याकडे सरकवलं. "मी सही करत नाही. ताईसुद्धा करणार नाहीत."

मला त्यांनी विचारलं नव्हतं. पण बरोबर होतं ते.

दोन दिवस मालक डेकवर होते. तिसऱ्या दिवशी खाली आले ते तोडगा घेऊन. "वहिनी, कायदा म्हणतो वकिलात हलवा. राष्ट्राध्यक्ष हलवा असं कुठेच म्हणत नाही. राष्ट्राध्यक्ष आपल्या जागीच असतो."

"म्हणजे बाई वकिलात आणि तुम्ही राष्ट्राध्यक्ष."

"तसं समजा."

"मग राष्ट्राध्यक्षांनी आपला भात आपण शिजवायचा. मला सांगायला यायचं नाही."

जाण्याआधी बाईंनी मलिदा केला. नवस फेडताना आणि मोठ्या प्रवासाला निघताना हे लोक एलियाहू प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, आणि ताटात भोवती पाच फळं. पोहे इंडियन दुकानातले, नारळ सामोअन शेजाऱ्याने फोडून दिला. मालकांनी त्यांच्या धर्मग्रंथाच्या भाषेतली प्रार्थना म्हटली. ती लांबलचक होती आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जागी उभे होते. मी त्यांना असं त्याआधी पाहिलं नव्हतं.

विमानतळावर मी आणि मुलगा गेलो होतो. बाई आत जायला निघाल्या तेव्हा मालक म्हणाले, "सहा महिन्यांनी बघू."

"बघू नका," बाई म्हणाल्या. "यायचं तर या."

त्या बहिणीपर्यंत वेळेत पोचल्या. रविवारचा फोन आता तिकडून यायचा. बहिणीला पेज भरवते, ती ओळखते, एका हाताने माझी वेणी घालायचा प्रयत्न करते, असं काहीबाही सांगायच्या. मालकांना या असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मालक प्रत्येक फोननंतर खाली येऊन मला विचारायचे, "काही म्हणाली का ती तुम्हाला?" फोन त्यांना आलेला असायचा.

भात ते खरंच शिजवायचे, करपवायचे, आणि उभ्याने खायचे.

जूनमध्ये ते कागद घेऊन आले. आता फक्त स्वतःपुरता: 'कुटुंबप्रमुखाचे स्थलांतर सहा महिने स्थगित.' साक्षीदाराची जागा रिकामी. मी वाचलं आणि विचारलं, "का जात नाही, ते सांगा. नाहीतर सही मिळणार नाही."

त्यांनी आमच्या खोलीत फेऱ्या घातल्या. खोली लहान, चार पावलांत भिंत. मग सांगितलं. पंचविशीत ते आणि त्यांचा भाऊ तिकडे गेले होते, कायमचे राहायला. भावाला लग्न करायचं होतं. कुठल्याशा कचेरीत कारकुनाने विचारलं, तुम्ही ज्यू कशावरून? आईच्या आईचा दाखला आणा. तिच्या आईचा आणा. रेवदंड्याला तेल गाळणाऱ्या बाईचा दाखला कोणाकडे असणार? हे आठ दिवस त्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसले. नवव्या दिवशी उठले आणि मुंबईला परत आले. पुढे ते नियम बदलले, भाऊ तिथेच राहिला, त्याचं लग्नही झालं. यांनी बायकोला यातलं काही सांगितलं नव्हतं.

"तेव्हापासून बसवत नाही," ते म्हणाले.

मला धीर देता येत नाही. मी म्हटलं, "त्या कारकुनाला मरून वीस वर्षं झाली असतील."

"कारकून मरत नाही, वहिनी. मी पण कारकूनच आहे."

मी सही केली. चूक केली असं मला आजही वाटत नाही. त्या दिवशी ते जाण्यासारखे नव्हते.

ऑक्टोबरात बहीण गेली. आता बाई परत येतील असं माझ्या मुलाला वाटलं, मालकांनाही वाटलं असावं. त्यांनी वरची खोली झाडली. रविवारी बाई फोनवर म्हणाल्या, "मी इथेच आहे." मालक खाली आले ते काहीच न विचारता लेटरबॉक्सकडे गेले. रविवारी टपाल येत नाही.

डिसेंबर आला. त्या वर्षी बातमी लवकर लागली. मुलाने दारातच सांगितलं, "काका, झाली सही." मालक म्हणाले, "असं?" आणि वर गेले. मी साक्षीदार म्हणून चष्मा हाताशी काढून ठेवला. बोलावणं आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. फेऱ्या मात्र चालू होत्या, पहाटेपासून. त्यांच्या मुदतीचा शेवटचा दिवसही तसाच गेला. माझा डोळा कॅलेंडरवर होता, कारण त्यांच्या कागदावरची तारीख मला पाठ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे राहिले. हातात कागद, खिशाला हिरवं पेन. आत येईनात.

"वहिनी, आज तारीख किती?"

ज्या माणसाने आयुष्यभर तारखा मारल्या, तो मला तारीख विचारत होता. मुलगा बुटाचे बंद बांधत होता. तो थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. ओल त्या वर्षी खिडकीपर्यंत चढली होती.

"तुमचा कागद काल संपला, मालक," मी म्हटलं.

"नक्की?"

"वॉशिंग्टनमध्ये अजून काल असेल. इथे संपला."

"हे घर वॉशिंग्टनात नाही," ते म्हणाले. आत आले, कागद माझ्या टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं, आणि गेले. थोड्या वेळाने डोक्यावर आवाज सुरू झाला. तो फेऱ्यांचा नव्हता. कपाटावरून बॅगा काढल्याचा होता.

मुलगा म्हणाला, "आई, एक दिवस गप्प बसली असतीस तर?"

मी म्हटलं, "ते विचारायला आले होते."

घर फेब्रुवारीत विकलं गेलं. आम्ही मनुरेवाला आलो. खोल्या लहान आहेत, मुलाचा कामाचा रस्ता लांब झाला, नातीची शाळा बदलली. भिंती कोरड्या आहेत. मुलगा अजून कधीमधी ते काढतो, आणि मी ऐकून घेते. त्याचंही खोटं नाही. हिरवं पेन चालतं. डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणायच्या वस्तूंची यादी मी त्या पेनाने लिहिते.

बाईंचा फोन एकदाच आला. मी विचारलं, "दाखला मागितला का त्यांच्याकडे कोणी?" मालकांनी तिकडे गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं होतं.

"कोणी नाही मागितला. हेच एक फाईल घेऊन कुठल्या कचेरीत गेले होते. तिथल्या मुलीने उघडलीसुद्धा नाही. जरा नाराज झाले."

"आणि आता करतात काय? फिरतात?"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, "बसून जेवतात."